बनबरीहून फिलाडेल्फियाला : एका आयरिश राजबंद्याचे पलायन

दर्यावर्दी (मूळ लेख)

काळे पाणी म्हटले की आपल्याला अंदमान आठवते आणि तिथून कोणी जिवंत सुटून आले नाही, हा समजही ओघाने येतो. त्याच काळात, त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या एका वसाहतीतून एक राजबंदी निसटला, नऊ महिन्यांनी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला आणि पुढे बोस्टनमधल्या एका नामांकित साप्ताहिकाचा संपादक झाला. त्याचे नाव जॉन बॉइल ओ'रायली. त्याच्याविषयी मराठीत फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे. त्याच्या धाडसाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ते पलायन जमले कसे, हा माझा प्रश्न आहे आणि माझ्या मते ते त्याच्या धैर्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, एका पाद्र्यामुळे, एका शेतकऱ्यामुळे आणि परक्या देशाचे निशाण लावलेल्या एका जहाजामुळे जमले.

ओ'रायलीचा जन्म १८४४ सालचा, आयर्लंडमधल्या द्रोएडा गावाजवळचा. सशस्त्र उठावाने आयरिश प्रजासत्ताक स्थापन करू पाहणाऱ्या फेनियन मंडळींनी ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांना फितवण्याचे काम हाती घेतले होते. १८६३ साली दहाव्या हुसार घोडदळात भरती झालेला ओ'रायली हेच काम आपल्या पलटणीत करत होता. १८६६ साली तो पकडला गेला, लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला आणि मग ती शिक्षा वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली गेली. मिलबँक, पोर्टस्मथ, डार्टमूर असे इंग्लंडमधले तुरुंग पालथे घातल्यावर ऑक्टोबर १८६७ मध्ये त्याला 'ह्यूगोमाँट' या जहाजावर चढवण्यात आले. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० पासून अठरा वर्षांत नऊ हजारांहून अधिक कैदी उतरवले गेले आणि ही त्यांतली अखेरची खेप होती. जहाजावर २८० कैदी होते व त्यांतले ६२ फेनियन होते. या ६२ जणांनी वाटेत एक हस्तलिखित साप्ताहिक चालवले आणि आठवड्याच्या शेवटी ते मोठ्याने वाचून दाखवण्याचा परिपाठ ठेवला. तळघरात कोंडलेल्या माणसांनी संपादकीय लिहावे, कविता छापखान्याच्या अक्षरांसारख्या कोरून काढाव्यात, हे वाचताना मला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली, कारण त्या तीन महिन्यांत बहुधा त्यामुळेच त्यांची डोकी ठिकाणावर राहिली असतील.

जानेवारी १८६८ मध्ये जहाज फ्रीमँटलला लागले. काही आठवड्यांत ओ'रायलीला दक्षिणेकडच्या बनबरीजवळ रस्ते बांधणाऱ्या टोळीत पाठवले गेले. टोळीचा अंमलदार वुडमन नावाचा वॉर्डर होता. लिहिता-वाचता येणारा कैदी त्याच्या उपयोगाचा होता, म्हणून हिशेब ठेवणे आणि अहवालाचे कागद बनबरीला पोचवणे ही कामे त्याने ओ'रायलीकडे दिली. वरवर पाहता ही सवलत होती, पण तिच्यामुळेच त्याला रस्ते, वस्त्या आणि माणसे कळली. तरीही डिसेंबर १८६८ च्या अखेरीस त्याने हाताची शीर कापून घेतली. दुसऱ्या एका कैद्याने त्याला वेळीच पाहिले म्हणून तो वाचला.

त्या प्रदेशात पॅट्रिक मॅककेब नावाचे एक कॅथलिक पाद्री घोड्यावरून वस्त्या-वस्त्यांना भेटी देत हिंडत असत. ओ'रायलीने त्यांच्याकडे आपला बेत उघड केला, तो असा की रानात शिरायचे आणि मग जे होईल ते होईल. मॅककेब यांनी त्याला सांगितले की हा जीव देण्याचाच एक प्रकार आहे, तेव्हा तू हा विचार सोड आणि माझ्या निरोपाची वाट पाहा. निरोप यायला काही महिने लागले. तो घेऊन आलेला मॅग्वायर हा त्या भागात जमीन कसणारा आयरिश माणूस होता आणि फेब्रुवारीत अमेरिकन व्हेल-शिकारी गलबते पाणी व भाजीपाला भरायला बनबरीला येतात, हे त्याला ठाऊक होते.

१८ फेब्रुवारी १८६९ च्या रात्री ओ'रायली छावणीतून निघाला. निघताना त्याने पायांत कैद्यांचे बूट घातले नाहीत, साध्या नागरिकाचे जोडे घातले, कारण कैद्यांच्या बुटांचा ठसा मातीत वेगळा उठत असे आणि माग काढणाऱ्यांना तेवढे पुरेसे होते. रानात एका ठरलेल्या जागी तो पडून राहिला. काही वेळाने घोड्यांच्या टापा आल्या आणि कोणीतरी शिट्टीवर एक आयरिश चाल वाजवली, ती खूण होती. तिथून घोड्यावर कॉली नदीपर्यंत, मग होडीने लेशेनॉल्ट खाडीतून बाहेर समुद्रात, आणि पुढे रात्रभर वल्ही, असा तो प्रवास झाला.

ज्या 'व्हिजिलंट' गलबताच्या कप्तानाशी बोलणे झाले होते ते गलबत ठरल्याप्रमाणे बाहेर आले, होडीतल्या माणसांनी हाका मारल्या, सदरा वल्ह्याला बांधून फडकावला आणि गलबत तसेच पुढे निघून गेले. ओ'रायली वाळूच्या टेकड्यांत लपून राहिला. तिथे त्याला वाळूत अर्धवट पुरलेली एक जुनी होडी सापडली. तिच्या फटी झाडाच्या सालीने बुजवून तो एकटाच तिच्यातून समुद्रात गेला. 'व्हिजिलंट' पुन्हा दिसले आणि पुन्हा त्याला न पाहता निघून गेले. हे सारे त्याने स्वतः पुढे सांगितलेल्या हकिकतीवर उभे आहे, हे ध्यानात ठेवायला हवे, पण ज्या गोष्टीत सांगणाऱ्याची फजितीच अधिक आहे तिच्यावर विश्वास ठेवायला मला जड जात नाही.

मॅककेब यांनी मग 'गझेल' या न्यू बेडफर्डच्या गलबताचा कप्तान गिफर्ड याच्याशी दहा पौंडांत ठरवले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात 'गझेल'ने त्याला उचलले.

रानवाटा

लेख आवडला. एका वाक्यावर मात्र थांबलो, ते 'माग काढणाऱ्यांना' हे. हे माग काढणारे बहुतेक करून नूंगार लोक होते, म्हणजे ज्यांची ही भूमी होती तेच. पोलीस त्यांना नोकरीला ठेवत आणि फरारी कैद्यांच्या मागावर पाठवत. त्याच काळात फ्रीमँटलसमोरच्या रॉटनेस्ट बेटावर मूलनिवासी माणसांसाठी वेगळा तुरुंग चालू होता आणि तिथे तीन हजारांहून अधिक माणसे कोंडली गेली व कित्येकशे मेली. आयरिश राजबंद्यासाठी ती वसाहत परदेशातली कैद होती, पण नूंगार माणसाला स्वतःच्याच देशात कैद होती. धागा ओ'रायलीचा आहे याची मला जाणीव आहे, म्हणून एवढेच लिहून थांबतो.

जुना_खलाशी

व्यापारी जहाजांवर माझी बावीस वर्षे गेली, त्यामुळे कप्तान गिफर्डच्या बाजूने थोडे लिहितो. व्हेल-शिकारी गलबत घरून निघाले की तीन-चार वर्षांनी परतायचे. वाटेत खलाशी पळून जायचे, मरायचे, आजारी पडायचे, आणि रिकाम्या जागा जो मिळेल त्याने भरायच्या असत. आलेल्या माणसाला भूतकाळ विचारायचा नाही, ही त्या धंद्याची जुनी रीत होती. त्यात अमेरिकन कप्तानाला ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरची भीती बंदरात जेवढी वाटत असे तेवढी खुल्या समुद्रावर वाटण्याचे कारण नव्हते. वसाहतवाले तरी काय करणार? ताजे पाणी, बटाटे आणि कांदे विकून येणारे पैसे त्यांनाही हवे होते, त्यामुळे गलबतांना बंदर बंद करता येत नव्हते. तुरुंगाच्या भिंतीला जे दार राहून गेले ते या व्यापारामुळे.

'व्हिजिलंट'बद्दल मला कप्तानाच्या लबाडीची शंका येत नाही. उसळत्या पाण्यात सखल होडी दोन-तीन मैलांवरूनही दिसत नाही. लाटेच्या खोबणीत ती उतरली की वरचा सदराही तिच्याबरोबर खाली जातो, आणि टेहळणीवरचा माणूस त्या वेळी व्हेलचा फवारा शोधत असतो.

पुढचा भाग धागाकर्त्यांनी लवकर लिहावा. रॉड्रिग्ज बेटावर काय झाले ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

दर्यावर्दी

लिहितो. आधी हॅथवे या माणसाची ओळख करून द्यायला हवी. हेन्री हॅथवे हा 'गझेल'वरचा एक मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होता. ओ'रायली एका शिकारीत हट्टाने शिकारी होडीत बसला, व्हेलने ती होडी फोडली आणि बेशुद्ध पडलेल्या ओ'रायलीला हॅथवेने पाण्यावर धरून ठेवले. दोघांची दोस्ती तिथपासूनची.

हिंदी महासागरातले रॉड्रिग्ज बेट ब्रिटिशांच्या ताब्यात होते. 'गझेल' तिथे पाण्यासाठी थांबले, तेव्हा अधिकारी व पोलीस गलबतावर आले आणि त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातून पळालेल्या कैद्यांची चौकशी केली. हॅथवेने ओ'रायलीबद्दल कानांवर हात ठेवले. मात्र गलबतावर बोमन नावाचा दुसरा एक पळालेला कैदी होता आणि त्याला पोलीस घेऊन गेले. बोमन आता तोंड उघडणार आणि सकाळी पोलीस परत येणार, हे उघड होते.

त्या रात्री हॅथवेने ओ'रायलीला केबिनच्या जिन्याखालच्या लहानशा कप्प्यात बसवले. मग त्याने धार लावण्याचा दगडी चाक उचलला आणि ओ'रायलीच्या टोपीसकट समुद्रात लोटून दिला. दगडाचा आवाज झाला, 'माणूस पडला' अशी हाक उठली, होड्या उतरल्या, काळोखात शोध झाला आणि हाती लागली ती फक्त टोपी. खलाशांना आत काय शिजले आहे याचा पत्ता नव्हता, म्हणून त्यांचे दुःख खरे होते. एक जण तर शपथेवर सांगू लागला की मी त्याला बुडताना पाहिले. सकाळी पोलीस आले तेव्हा निशाण अर्ध्यावर होते आणि ओली टोपी डेकवरच्या झाकणावर ठेवलेली होती. ते माघारी गेले. गलबत मोकळ्या समुद्रात आल्यावर हॅथवेने कप्पा उघडला.

पुढे केप ऑफ गुड होपजवळ ओ'रायली 'सफायर' या बोस्टनच्या जहाजावर चढला. हे जहाज मुंबईहून लिव्हरपूलला चालले होते. म्हणजे आपल्या बंदरातून निघालेल्या जहाजाने हा माणूस थेट शत्रूच्या दारात नेऊन सोडला. लिव्हरपूलमध्ये काही दिवस लपून राहिल्यावर त्याला अमेरिकेला नेणारे जहाज मिळाले आणि योगायोग असा की त्याचे नावच 'बॉम्बे' होते. २३ नोव्हेंबर १८६९ रोजी तो फिलाडेल्फियाला उतरला.

कावेरी

टोपीची युक्ती मजेदार आहे, पण बोमनपाशी आपण सगळेच घाईने पुढे सरकलो आहोत. बोमन हा राजबंदी नव्हता, साधा गुन्हेगार होता. ओ'रायलीच्या बेताचा त्याला सुगावा लागला आणि 'मलाही न्या, नाहीतर पोलिसांना सांगेन' अशी धमकी देऊन तो त्यांच्यात घुसला. म्हणजे तो काही सज्जन नव्हता, हे मान्य. तरीही एकाच गलबतावर, एकाच वसाहतीतून पळालेली दोन माणसे होती आणि एकासाठी हॅथवे खोटे बोलला, तर दुसऱ्याकडे बोट दाखवले गेले. राजबंदी आणि सामान्य कैदी ही विभागणी सरकारने केली नव्हती, कारण सरकारच्या लेखी दोघेही सारखेच कैदी होते. ती विभागणी पळवणाऱ्यांनी केली. राजबंद्यांच्या चरित्रांत ही दुसरी माणसे नेहमी खलनायक म्हणून येतात, आणि त्यांची बाजू सांगणारे कोणी उरत नाही, याचा मला राग येतो.

दुसरा मुद्दा. डिसेंबर १८६८ मधला शीर कापून घेण्याचा प्रसंग तुम्ही दोन वाक्यांत आटोपला. वुडमनची मुलगी जेसी आणि ओ'रायली यांचे प्रेम होते असे अनेक अभ्यासक मानतात आणि त्यासाठी त्याच्या वहीतल्या कवितांचा व सांकेतिक लिपीतल्या नोंदींचा आधार देतात. हे खरे असेल तर पलायनामागे केवळ देशप्रेम होते असे म्हणता येत नाही. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे त्याने कधी लिहिले नाही.

दर्यावर्दी

कावेरीताई, बोमनबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. मी लेखात 'परक्या देशाचे निशाण' म्हणालो, पण त्या निशाणाखाली कोणाला आसरा मिळायचा हे माणसे पाहून ठरत होते. जेसीबद्दल मी मुद्दाम कमी लिहिले, कारण वहीतल्या ओळींवरून किती काढायचे याची मला धास्ती वाटते. दोन वाक्ये कमी पडली, हे मात्र खरे.

पिंपळपान

अंदमानातून कोणीच सुटून आले नाही, हा समज तपासून घ्यायला हवा. मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरची वसाहत सुरू झाली आणि पहिल्या महिन्यापासून कैदी पळू लागले. त्यांत सत्तावनच्या उठावातला शिपाई दूधनाथ तिवारी होता. एप्रिल १८५८ मध्ये तो टोळक्याबरोबर पळाला, बरोबरचे बहुतेक जण अंदमानी लोकांच्या बाणांनी मेले, तो जखमी अवस्थेत वाचला आणि वर्षभर त्याच लोकांमध्ये राहिला. मे १८५९ मध्ये ते वसाहतीवर चाल करून येणार हे कळताच तो परत आला आणि त्याने इंग्रजांना सावध केले. त्याबद्दल त्याला माफी मिळाली. पळून सुटला नाही, तर परत येऊन सुटला. या माणसाला काय म्हणायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्याच सुमारास पळून पुन्हा पकडल्या गेलेल्या ८० हून अधिक कैद्यांना अधीक्षक वॉकरने फासावर चढवले होते, हेही त्याच्याबद्दल मत बनवताना विसरू नये.

वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगातून निसटले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. बाहेर पडण्याचे काम त्यांनी एकट्याने केले, पण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. ना मॅककेब, ना मॅग्वायर, ना बंदरात उभे अमेरिकन गलबत. चारी बाजूंना उघडा मुलूख होता आणि त्यांची भाषा समजणारा माणूस नव्हता. ते लगेच पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच वारले. धैर्याच्या बाबतीत फडके कोणालाही हार जाणारे नव्हते. म्हणून धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते.

उंबरठा

कामानिमित्त पर्थला असताना मी फ्रीमँटलचा तुरुंग पाहिला आहे. तो १९९१ पर्यंत वापरात होता आणि २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. कैद्यांकडूनच चुनखडीचा दगड फोडून घेऊन तो बांधवला होता. जुन्या कोठड्या सात फूट लांब आणि चार फूट रुंद आहेत. मी आत उभा राहून दोन्ही हात पसरून पाहिले, कोपरे वाकवावी लागली. अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या कोठडीची लांबी याच्या जवळपास दुप्पट आहे, आणि तरी अंदमानची कोठडी मला अधिक भयंकर वाटली होती. याचे कारण मला असे दिसते की फ्रीमँटलचा कैदी दिवसा बाहेर रस्त्यावर, खाणीत किंवा बंदरावर कामाला जायचा आणि त्याला बाहेरची माणसे भेटायची. सेल्युलर जेलची रचनाच अशी की समोर दुसऱ्या ओळीची पाठ दिसावी आणि माणूस दिसू नये.

मूनडाइन जो नावाच्या पळपुट्या कैद्याच्या गोष्टी तिथले वाटाडे फार रंगवून सांगतात. तो १८६७ मध्ये पळाला, आणि ओ'रायली वाळूत लपला होता त्याच आठवड्यात, २५ फेब्रुवारी १८६९ रोजी, एका द्राक्षबागेच्या तळघरात सापडला. ओ'रायलीने पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियावर कादंबरी लिहिली तेव्हा नायकासाठी 'मूनडाइन' हेच नाव उचलले.

जुना_खलाशी

हॅथवेचे पुढे काय झाले? असा माणूस निवृत्त होऊन गप्प बसला असेल असे वाटत नाही.

दर्यावर्दी

बसला नाहीच. १८६९ आणि १८७१ मध्ये बहुतेक फेनियन कैद्यांना माफी मिळाली, पण ज्यांनी फौजेत राहून शपथ मोडली होती त्यांना सरकारने सोडले नाही. ते फ्रीमँटलमध्येच कुजत होते. त्यांच्यापैकी जेम्स विल्सन याचे पत्र १८७४ साली अमेरिकेत जॉन डेव्हॉय या फेनियन पुढाऱ्यापर्यंत पोचले. डेव्हॉयने सल्ला विचारला तो ओ'रायलीला. ओ'रायलीने सुचवले की तुरुंगावर हल्ला वगैरे करू नका, व्हेल-शिकारी गलबत विकत घ्या आणि न्यू बेडफर्डला जाऊन हॅथवेला भेटा. हॅथवे तेव्हा त्या गावच्या पोलीस दलात अधिकारी होता! त्याने डेव्हॉयची गाठ गलबतांच्या धंद्यातल्या रिचर्डसनशी घालून दिली आणि रिचर्डसनचा जावई जॉर्ज अँथनी कप्तान झाला. गलबताचे नाव 'कटाल्पा'.

एप्रिल १८७५ मध्ये ते निघाले, वाटेत खरोखरच व्हेल मारत गेले आणि १७ एप्रिल १८७६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, सहा कैद्यांना किनाऱ्यावरून शिकारी होडीत घेतले. रात्रभर वादळात ती होडी समुद्रावर राहिली. दुसऱ्या दिवशी ते कसेबसे गलबतावर चढले. पोलीस घेऊन पाठलागावर आलेल्या 'जॉर्जेट' आगबोटीने इशाऱ्याचा गोळा झाडला, तेव्हा अँथनीने डोलकाठीवरच्या अमेरिकन निशाणाकडे बोट दाखवले आणि आगबोट थोडा वेळ घुटमळून परत फिरली. १८६९ मध्ये जे निम्मे नशिबाने जमले होते, तेच या वेळी ठरवून, पैसे उभे करून, वर्षभर आधी तयारी करून केले गेले.

रानवाटा

ओ'रायलीला नंतर कधी आयर्लंडला परतता आले का?

दर्यावर्दी

नाही. ब्रिटिश सरकारच्या दफ्तरी तो अखेरपर्यंत फरारी कैदीच राहिला. १८८५ साली त्याला भाषणासाठी कॅनडात जायचे होते, पण तो ब्रिटिश मुलूख असल्यामुळे अटक होणार नाही अशी हमी त्याने मागितली आणि ती नाकारली गेली. १८७३ साली आलेला त्याचा पहिला कवितासंग्रह त्याने कप्तान गिफर्डला अर्पण केला होता, मात्र पुस्तक पोचले तेव्हा गिफर्ड हयात नव्हता. ओ'रायली ऑगस्ट १८९० मध्ये, बायकोचे झोपेचे औषध जास्त प्रमाणात घेतले गेल्याने वारला. तो पळाला नसता आणि माफीही मिळाली नसती, तर त्याची वीस वर्षे मृत्यूच्या चार वर्षे आधीच, १८८६ साली, भरली असती.